पेशींचा नियोजित मृत्यू आणि मुख-कंठाचा कर्करोग



वळवाच्या वादळात झाडाची एखादी फांदी मोडते आणि अर्धवट लोंबकळत राहते. थोड्याच दिवसांत तिच्यावरची पाने तपकिरी होतात, कुरकुरीत वाळतात. पण ती झडत नाहीत. महिना-दोन महिने तशीच चिकटून राहतात. त्याच झाडाच्या धडधाकट फांद्यांवरील पाने मात्र शिशिरात पिवळी पडतात आणि वाऱ्याची झुळूक येताच अलगद गळतात. असे का व्हावे? पान गळण्यासाठी देठाच्या मुळाशी जिवंत पेशींचा एक पातळ थर तयार व्हावा लागतो आणि तो थरच पानाला फांदीपासून सोडवतो. मोडलेल्या फांदीत हे काम करणारे जिवंत असे काही उरलेलेच नसते. पानगळ घडवून आणायला झाड जिवंत असावे लागते.

सन १९७२ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी शरीरातील एका घटनेला जे नाव दिले, ते या पानगळीवरूनच. जॉन केर हे ऑस्ट्रेलियातील विकृतिशास्त्रज्ञ. उंदरांच्या यकृताकडे जाणारी एक रक्तवाहिनी बांधून टाकल्यावर यकृतातील पेशी कशा मरतात, याचा अभ्यास ते करीत होते. पेशी मरताना फुगते, फुटते, तिच्यातील द्रव्ये आजूबाजूला सांडतात आणि तेथे सूज येते, असे तोवर मानले जाई. भाजल्यावर किंवा मार लागल्यावर होते ते हेच. परंतु केर यांना काही पेशी निराळ्याच रीतीने मरताना दिसल्या. त्या आकसत होत्या, त्यांचे केंद्रक गडद व घट्ट होत होते, मग पेशीचे लहान लहान बंद पुडके बनत होते आणि शेजारच्या पेशी ते पुडके गिळून टाकीत होत्या. ना सूज, ना पू, ना व्रण. पुढे स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे अँड्र्यू वायली आणि ॲलस्टर करी यांच्यासमवेत केर यांनी या मृत्यूवर जो निबंध लिहिला, त्यासाठी नाव हवे होते. त्याच विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी शब्द सुचविला - ॲपॉप्टोसिस. झाडावरून पाने किंवा फुलावरून पाकळ्या गळणे, असा त्याचा अर्थ. मराठीत आपण त्यास नियोजित पेशीमृत्यू म्हणू.

या नियोजित मृत्यूविना आपला देह घडलाच नसता. गर्भात बाळाचा हात प्रथम वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, तेव्हा बोटे सुटी होतात. मोठ्या माणसाच्या शरीरातही ही ये-जा अखंड चालू असते. इस्रायलमधील संशोधकांनी २०२१ साली मांडलेल्या हिशेबानुसार माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी जातात आणि तितक्याच नव्या येतात. त्यांत बहुसंख्य रक्तातील पेशी. इतका मोठा व्यवहार रोज होतो आणि त्याचा मालकाला पत्ताही लागत नाही, कारण कोठे आग नाही, आवाज नाही.

हा मृत्यू खरोखरीच नियोजित असतो, हे सिद्ध झाले ते एका क्षुद्र जंतावरून. मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक असा हा कृमी. सिडनी ब्रेनर यांनी तो अभ्यासासाठी निवडला आणि जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बसून त्याची एकेक पेशी जन्मताना पाहिली. एकंदर १०९० पेशी जन्मतात, त्यांपैकी १३१ मरतात, ९५९ उरतात. आणि प्रत्येक कृमीत मरतात त्या नेमक्या त्याच १३१ पेशी, नेमक्या त्याच घटकेला. पुढे रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी दाखवून दिले की, या मृत्यूचा आदेश कृमीच्या जनुकांतच लिहिलेला आहे. त्यांतील एक जनुक बिघडविले की त्या १३१ पेशी मरतच नाहीत. तेच जनुक थोड्याफार फरकाने माणसातही सापडले. या तिघांना २००२ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका कृमीसाठी आयुष्य खर्ची घालणाऱ्यांकडे लोक हसून पाहत असतील. पण कर्करोगाच्या आजच्या ज्ञानाचा एक मोठा धागा त्या कृमीपर्यंत जाऊन पोहोचतो.

पेशी मरते कशी, याचे यंत्र आता बरेचसे उलगडले आहे. मारण्याचे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रथिनांना कॅस्पेज म्हणतात. त्या जणू कात्र्या आहेत. प्रत्येक पेशीत त्या आधीपासूनच असतात, परंतु मिटलेल्या. त्या उघडण्याचे मार्ग दोन. पहिला मार्ग बाहेरचा. पेशीच्या पृष्ठभागावर काही ग्राहक प्रथिने असतात. रोगप्रतिकारक पेशींनी त्यांवर विशिष्ट संदेश आणून टेकविला की आत कॅस्पेज-८ ही कात्री उघडते आणि ती पुढच्या कात्र्या उघडते. दुसरा मार्ग आतला. पेशीतील डीएनएची मोडतोड झाली की पी-५३ नावाचे प्रथिन जागे होते. ते आधी पेशीचे विभाजन थांबविते आणि दुरुस्तीला अवधी देते. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर ते पेशीतील तंतुकणिकांना, म्हणजे जिथे ऊर्जा तयार होते त्या घटकांना, छिद्रे पाडवून घेते. त्या छिद्रांतून सायटोक्रोम-सी हे द्रव्य बाहेर येते आणि कात्र्या उघडतात. श्वसनाच्या कामी येणारे हे द्रव्य मृत्यूचा निरोपही पोहोचविते, हे १९९६ मध्ये शाओडाँग वांग यांनी दाखविले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता.

या यंत्राला लगामही आहेत. बीसीएल-२ हे प्रथिन तंतुकणिकांना छिद्रे पडू देत नाही; आणखी काही प्रथिने कात्र्यांना घट्ट धरून ठेवतात. मारणारे आणि आवरणारे यांचा तोल साधलेला असतो, तोवर देह निरोगी. कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, ही व्याख्या शाळेपासून आपल्या कानी आहे. ती अपुरी आहे, हे १९८८ साली ऑस्ट्रेलियातील डेव्हिड वॉ, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवून दिले. रक्ताच्या एका कर्करोगात बीसीएल-२ फार वाढलेले असते. पण ते पेशींना वाढायला लावीत नव्हते, केवळ मरू देत नव्हते. जमा वाढली नाही, खर्च थांबला, तरी शिल्लक वाढतेच. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आता मुख-कंठाच्या कर्करोगाकडे वळू. इंग्रजीत याला डोके व मानेचा कर्करोग म्हणतात, परंतु त्यात मेंदूचा समावेश नाही. ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू, घसा, टॉन्सिल, स्वरयंत्र, नाक व त्याभोवतीच्या पोकळ्या, एवढा हा प्रदेश. त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक कर्करोग आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींत उद्भवतात. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. भारतीय पुरुषांत हा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. पाश्चात्त्य देशांत जीभ व घसा अधिक आढळतो. आपल्याकडे गाल व हिरडी यांच्यामधील खाच. तंबाखूची चिमूट, मावा, खर्रा, गुटखा जेथे दाबून ठेवला जातो, तीच ही जागा.

तंबाखूतील नायट्रोसमाइन नावाची द्रव्ये डीएनएला जाऊन चिकटतात आणि त्याची अक्षरे बदलतात. सुरुवातीची वर्षे पी-५३ आपले काम चोख करीत असते. बिघडलेल्या पेशी एक तर दुरुस्त होतात, नाही तर निमूटपणे मरतात आणि खाणाऱ्याला वाटते, आपल्याला काही होत नाही. हा भ्रम दहा-दहा, वीस-वीस वर्षे टिकतो. मग एके दिवशी तंबाखूचा घाव नेमका पी-५३च्या जनुकावरच बसतो. पहारेकरीच जायबंदी झाल्यावर त्यापुढचा प्रत्येक बिघाड पचतो, साठतो, पुढच्या पिढीतील पेशींकडे जातो. अमेरिकेत १९९५ मध्ये १२९ रुग्णांच्या गाठी तपासण्यात आल्या. धूम्रपान व मद्यपान दोन्ही करणाऱ्यांपैकी ५८ टक्के रुग्णांत पी-५३ बिघडलेले होते; केवळ धूम्रपान करणाऱ्यांत ३३ टक्के; दोन्हींपासून दूर असणाऱ्यांत १७ टक्के. पुढे २०१५ मध्ये २७९ गाठींतील जनुकांचे समग्र वाचन झाले, तेव्हा ७२ टक्के गाठींत हे जनुक बिघडलेले आढळले. मुख-कंठाच्या कर्करोगात इतक्या सातत्याने बिघडणारे दुसरे जनुक नाही.

जाता जाता हत्तीविषयी. हत्तीचा देह प्रचंड, पेशी माणसाच्या कितीतरी पट, आयुष्यही दीर्घ. तेव्हा त्याला कर्करोग फार व्हायला हवा. प्रत्यक्षात तो विरळाच होतो. माणसाला पी-५३च्या जनुकाची एक जोडी मिळते. हत्तीच्या पेशीत अशा जवळजवळ वीस जोड्या आहेत, असे २०१५ मध्ये आढळून आले. डीएनए थोडासा दुखावला तरी हत्तीची पेशी दुरुस्तीची वाट न पाहता मरणे पत्करते.

पुन्हा आपल्या प्रदेशात येऊ. गाल-हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा काढण्याचे काम भारतातच झाले. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भाग म्हणून ११० रुग्णांच्या गाठी अभ्यासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारंवार बिघडलेल्या जनुकांच्या यादीत पी-५३ होते, यात नवल नाही. पण त्याच यादीत कॅस्पेज-८चे जनुकही होते. मघाशी ज्या बाहेरच्या मार्गाचा उल्लेख झाला, त्याची पहिली कात्री ती हीच. म्हणजे तोंडाच्या या कर्करोगात आतल्या मार्गाचा पहारेकरी तर जायबंदी होतोच, पण काही रुग्णांत बाहेरून येणाऱ्या निरोपाचा दरवाजाही बंद होतो. रोगप्रतिकारक पेशी दारावर येते, निरोप देते. आत तो ऐकणारे कोणी नसते.

येथे सुपारीविषयी स्पष्ट बोलणे अगत्याचे आहे, कारण अनेक सुशिक्षित घरांतही एक वाक्य ऐकू येते: 'आमच्याकडे तंबाखूला कोणी शिवत नाही, जेवणानंतर तेवढी सुपारी.' जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीचाही समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला आहे. ती भाजकी असो, सुगंधी असो, चांदीच्या वर्खाची असो. सतत सुपारी खाणाऱ्यांच्या गालाचे अस्तर ताठ, पांढरट होत जाते, तिखट सोसत नाही, तोंड उघडणे कमी कमी होते आणि शेवटी दोन बोटेही आत जात नाहीत. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. आज तो विशी-पंचविशीतल्या मुलांत दिसतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. घरातल्या मुखवासाच्या डबीवर अर्थातच कोणाची बंदी नाही. मिश्रीचेही तसेच. दात घासण्याच्या निमित्ताने जाळलेली तंबाखू दिवसातून तीन-तीन वेळा हिरडीला लावणाऱ्या आजी स्वतःला व्यसनी समजत नाहीत आणि घरातले लोकही त्यांना तसे म्हणत नाहीत.

तंबाखू-सुपारीशी संबंध नसलेला या कर्करोगाचा आणखी एक प्रकार आहे. टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी तो होतो आणि त्याचे कारण ह्यूमन पॅपिलोमा हा विषाणू. अमेरिका-युरोपात याचे प्रमाण बरेच वाढले आहे. आपल्या तोंडाच्या कर्करोगात त्याचा वाटा थोडा. हा विषाणू पी-५३चे जनुक बिघडवीत नाही. तो एक प्रथिन सोडतो आणि तयार झालेले पी-५३ नष्ट करवितो. म्हणजे पहारेकरी मेलेला नसतो, त्याला दाबून ठेवलेले असते. हा फरक बारीक वाटेल, पण रुग्णाच्या दृष्टीने तो फार मोठा असू शकतो. घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात (२०१०) विषाणूजन्य कर्करोगाचे ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. इतरांपैकी ५७ टक्के. जनुक शाबूत असल्याने किरणोपचाराच्या आघातानंतर मृत्यूचे यंत्र पुन्हा चालू होऊ शकते, हे या फरकाचे एक कारण मानले जाते.

यावरून उपचारांचे मर्म ध्यानात येईल. शस्त्रक्रिया गाठ कापून काढते. परंतु किरणोपचार आणि सिस्प्लॅटिनसारखी औषधे यांचा भर पेशीचा डीएनए इतका दुखावण्यावर असतो की तिने मरावे. अर्थात मरण्याचे यंत्रच मोडलेले असेल, तर आघात होऊनही पेशी तग धरते. एका रुग्णाची गाठ विरघळते आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाची तेवढ्याच मात्रेला दाद देत नाही, यामागे अनेकदा हे कारण असते. त्यात नातेवाइकांच्या सेवेची किंवा रुग्णाच्या धीराची कसूर नसते, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण अशा वेळी घरोघरी एकमेकांना दोष देण्याचे प्रसंग येतात. किरणोपचारात तोंड कोरडे पडते, तेही यामुळेच. लाळग्रंथीच्या निरोगी पेशींचे मृत्युयंत्र शाबूत असते. त्या बिचाऱ्या चटकन मरतात.

मग मोडलेले यंत्र दुरुस्त का करू नये? हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला नसता तरच नवल. चीनने २००३ मध्ये मुख-कंठाच्या कर्करोगासाठीच एक उपचारपद्धती मान्य केली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत पी-५३चे चांगले जनुक घालून ते गाठीत टोचायचे. जगात मान्यता मिळालेली ही पहिली व्यापारी जनुकोपचार पद्धती. मात्र टोचलेले जनुक गाठीतील प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचत नाही आणि पाश्चात्त्य देशांत तिला मान्यता मिळाली नाही. दुसरा प्रयत्न लगाम सोडविण्याचा. कात्र्यांना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांना दूर सारणारे झेविनापँट नावाचे औषध निघाले. त्याच्या ९६ रुग्णांवरील चाचणीत किरणोपचार व सिस्प्लॅटिन यांच्या जोडीला ते दिल्यावर दीड वर्षानंतर रोग आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेले. २०२० साली हे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा या क्षेत्रात मोठा उत्साह संचारला. त्यानंतर सातशेहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी घेण्यात आली. जून २०२४ मध्ये ती थांबवावी लागली. लाभ दिसला नाही, त्रास मात्र वाढला.

असे का झाले असावे, याचा एक विचार करायला लावणारा धागा २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांच्या हाती लागला होता. किरणोपचाराने मरणाऱ्या पेशी मरता मरता एक द्रव्य सोडतात आणि ते द्रव्य शेजारी वाचलेल्या कर्कपेशींना वाढायला उत्तेजन देते. निरोगी शरीरात जखम भरून येण्यासाठी असलेली ही सोय. कर्करोग तिचाही उपयोग करून घेतो. ज्या रुग्णांच्या गाठीत उघडलेल्या कात्र्या जास्त होत्या, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. तेव्हा अधिक पेशी मारल्या म्हणजे काम फत्ते झाले, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. मोठ्या चाचणीच्या अपयशाचे कारण हेच, असे म्हणण्याचा आधार नाही. परंतु ज्यांना या विषयात एकच गुरुकिल्ली हवी असते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

याच काळात अनपेक्षित दिशेने एक यश आले. जपानमधील तासुकू होंजो नियोजित मृत्यूची जनुके शोधीत होते. १९९२ मध्ये त्यांना एक प्रथिन सापडले आणि ते मृत्यूशी संबंधित समजून त्यांनी त्याचे नाव पीडी-१ असे ठेवले. पीडी म्हणजे नियोजित मृत्यूच. पुढे कळले की या प्रथिनाचे काम निराळे आहे: ते रोगप्रतिकारक पेशींचा लगाम आहे. कर्करोग तो लगाम ओढून धरतो. लगाम सोडविला की त्या पेशी गाठीवर चालून जातात, कर्कपेशीच्या आवरणाला भोके पाडतात आणि आतल्या कात्र्या स्वतःच्या हातांनी उघडतात. चुकलेल्या अर्थाने ठेवलेले नाव शेवटी असे फिरून खरे ठरले. होंजो यांना जेम्स ॲलिसन यांच्यासमवेत २०१८ मध्ये नोबेल मिळाले.

या वर्गातील औषधांचा खर्च सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रश्न विचारला, तो व्यवहारी होता: इतकी मात्रा खरोखर लागते का? निव्होलुमॅब या औषधाची रूढ मात्रा २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले, जोडीला तोंडाने घ्यायची तीन स्वस्त औषधे. रोग उलटलेल्या किंवा फार पुढे गेलेल्या १५१ रुग्णांवर ही चाचणी झाली. नुसत्या तोंडी औषधांवर असलेल्यांपैकी एक वर्षानंतर १६ टक्के हयात होते. ज्यांना २० मिलिग्रॅमची जोड मिळाली, त्यांच्यापैकी ४३ टक्के. हे निष्कर्ष २०२२च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. ४३ टक्के हा आकडा कोणाला थोडा वाटेल. ज्या घरात मुलाची दहावी किंवा मुलीचे लग्न एका वर्षावर आले आहे, तेथे तो थोडा नसतो.

परंतु हे सारे उशिरा आलेल्यांसाठी. त्याच्या कितीतरी आधी एक काळ असतो, तेव्हा मृत्युयंत्र बहुतांशी चालू असते आणि अस्तरात केवळ एखादा पांढरा वा लाल चट्टा दिसतो. तोंडाचे अस्तर साधारणतः दोन आठवड्यांच्या आत-बाहेर नवे होते. दाताने चावले गेल्याची किंवा गरम चहाने पोळल्याची जखम त्या काळात भरून येते. म्हणूनच तीन आठवड्यांत न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवावी, हा नियम. तो कोणी मनाने ठरविलेला नाही. पांढऱ्या चट्ट्यांपैकी थोड्यांचाच कर्करोग होतो; लाल, मखमली दिसणारा चट्टा मात्र अधिक धोक्याचा. तो दुखत नाही, म्हणून दुर्लक्षिला जातो. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन, कसल्याही यंत्राविना, केवळ उजेडात तोंडे तपासली. तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. वर वर्णिलेल्या कोणत्याही औषधाला इतक्या कमी खर्चात हे साधलेले नाही.

राहता राहिली बायॉप्सीची भीती. तुकडा काढला की रोग पसरतो, गाठ डिवचू नये, असे सांगणारे हितचिंतक प्रत्येक कुटुंबात असतात आणि त्यांच्या सांगण्यावरून मोलाचे चार-सहा महिने मलम लावण्यात जातात. तोंडातील चट्ट्याचा तुकडा काढल्याने तो आजार वाढतो, यास आधार नाही. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला जातो. दहा-पंधरा मिनिटांत रुग्ण घरी जातो. काचपट्टीवर त्या तुकड्याचा पातळ काप ठेवून विकृतिशास्त्रज्ञ तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींची रचना बिघडली आहे काय, बिघाड वरच्याच थरात आहे की खाली उतरला आहे, हे त्यात दिसते. मध्येच एखादी आकसलेली, गडद केंद्रकाची पेशीही दिसते, केर यांनी उंदराच्या यकृतात पाहिली होती तशीच. अहवाल बहुधा आठवडाभरात हाती येतो.